हाच फोटो दुसरीकडे

७ फेब्रुवारी २०११, पेडणे

आज आमची साइट चालली! 'नारळ' टाकलं, पानभर नारळ उतरले. 'मासळी बाजार' टाकलं तर कुठला तरी थायलंडचा बाजार आला, पण आला. नीलेश टेबलावर तबला बडवत सुटला. खालून हार्डवेअरवाले काका ओरडले, "काय मोडतास रे वर?" मग जिना चढून बघायलाच आले.

त्यांना समजावलं. पत्रिका छापणारे, शाळावाले, हॉटेलवाले, सगळ्यांना फोटो लागतात. मोठ्या कंपन्यांचे परवडत नाहीत म्हणून लोक चोरतात. स्वस्तात विकणारी बारकी दुकानं नेटवर खंडीभर आहेत, पण एकेक उघडून शोधणार कोण? आम्ही सगळीकडे एकदम शोधतो. सर्वांत स्वस्त ते सर्वांत वर. काका म्हणाले, "म्हणजे फोट्यांचे दलाल." अगदी बरोबर.

उरलंय ते 'हाच फोटो दुसरीकडे' हे बटण. एकच फोटो चार दुकानांत चार किमतींना असतो, कुठे कापलेला, कुठे अख्खा. ते काम नी.कडे. अर्धं झालंय.

संध्याकाळी डिचोलीहून भाऊंचा फोन, नी.च्या वडिलांचा. "पेढे खंय?" म्हणून. आमचे दोन्ही संगणक त्यांनीच घेऊन दिलेले. मी नको नको म्हणत होते तेव्हा म्हणाले होते, "म्हज्या ट्रकांपरस तुमचें हें बरें. धुल्ल उडना." खाणीवर गाड्या चालतात त्यांच्या. धूळ आठवली की ते खोकतातच.

११ फेब्रुवारी

शुक्रवार, म्हापशाचा बाजार, पाय ठेवायला जागा नाही. पण पहिलं गिऱ्हाईक! ड्रायव्हिंग स्कूलवाले वायंगणकर. 'सावकाश चालवा' म्हणून पत्रक काढायचंय. "अपघाताचो फोटो जाय. आमच्या हांगाचो दिसूंक जाय. रगत नाका, पूण भंय दिसूंक जाय."

नी. माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, रक्त नको, भीती हवी, मिळेल.

बसस्टँडवर सोडताना म्हणाला, "तें मी सोदतां. तू नको." मी म्हटलं, बाबा अपघातात जाऊन दोन वर्षं झाली, प्रत्येक गाडी दिसली की डोळे मिटून घेऊ का? कामाचं आहे ते, मीच करणार.

उगाच तोडून बोलले. बिचारा.

१४ फेब्रुवारी

दुपार. अक्षर बघवत नाही माझं मला.

सकाळी एकटीच होते. 'भारत, रस्ता, अपघात' टाकलं. पहिल्या ओळीतला दुसरा फोटो. आधी नुसताच पाहिला. गर्दीच्या पाठी, आडवी पडलेली स्कूटर. नंतर हँडलला अडकलेली पिशवी दिसली.

शर्टांच्या उरलेल्या तुकड्यांची पिशवी. निळा, चौकड्याचा, शाळेच्या गणवेशाचा खाकी. बाबांनी शिवलेली. पेडण्याच्या बाजारात शिंपी पुष्कळ, पण तसे तुकडे कोणी जोडत नव्हतं. त्यात ताईच्या बाळाची झबली होती. साखळीला बारशाला निघाले होते.

बाबांची स्कूटर. बाबांचा रस्ता. त्या पाठींच्या पलीकडे बाबा.

फोटोखाली इंग्रजीत लिहिलंय, खेड्यातली गर्दी, भारत. जाहिरात, शिक्षण, पुस्तकं, कशालाही वापरा. किंमत बटाटवड्याएवढी. म्हणून तर पहिल्या ओळीत आला. सर्वांत स्वस्त ते सर्वांत वर. मीच लिहिलाय तो नियम.

१५ फेब्रुवारी

आईला सांगितलं नाही. जेवताना विचारत होती, "काय झाला गो तुका? ताप इलो?"

पोलिसांनी आम्हाला सांगितलं ते इतकंच. डिचोलीच्या अलीकडचं वळण, अज्ञात वाहन, जागीच गेले, कोणी पाहिलं नाही. त्या 'कोणी पाहिलं नाही'वर आम्ही दोन वर्षं काढली. आणि पाहणारा होता. त्याने पाहिलं, फोटो काढला, घरी गेला, विकायला ठेवला.

नी.ला दाखवला. पांढरा पडला. म्हणाला, "यादीतून काढून टाकूया, आत्ताच्या आत्ता." मी त्याचा हात धरला. म्हटलं, हा कापलेला आहे, डाव्या कडेला बघ, काहीतरी अर्धवट राहिलंय. तुझं बटण याच्यावर चालव.

"अजून नीट जालां ना तें. दोन दीस दी."

वायंगणकरांना नमुना म्हणून आमच्या साइटचा दुवा पाठवलेला होता गेल्या आठवड्यातच. त्यांनी शोधलं तर त्यांनाही हाच फोटो वर दिसणार.

१८ फेब्रुवारी

लिहायलाच हवं, नाहीतर उद्या मलाच खोटं वाटेल.

बटण तयार झालं. नी. म्हणाला, आधी भाजी-पाव घेऊन येतो, मग चालवू. तो जिना उतरला आणि मला धीर निघाला नाही. दाबलं. तीन फोटो आले. दोन तसेच कापलेले. तिसरा अख्खा, दुप्पट महाग, म्हणून तळाशी.

डावीकडे ट्रक. खनिजाचा. तोंड आमच्याकडे. नंबर माणसांच्या मागे झाकलेला. काचेच्या वर पिवळ्या अक्षरांत दोन नावं, मध्ये कमळ.

नीलेश. निकिता.

मला खरंच आधी काही वाटलं नाही! ओळखीची नावं दिसली की बरं वाटतं तसं वाटलं. हसले असेन बहुतेक. निकिता त्याची धाकटी बहीण.

मग जिन्यावर पावलं वाजली. तो कागदात गुंडाळलेले गरम उंडे पाव आणि भाजी घेऊन आला. मी पडदा त्याच्याकडे फिरवला. त्याने उंडे टेबलावर ठेवले, वाकून बघितलं. मी विचारायच्या आधीच म्हणाला, "गाडी आमची."

आणखी काय बोलला आठवत नाही. बोलला की नाही तेही. हेल्मेट तसंच टाकून गेला.

१९ फेब्रुवारी

नी. नाही. फोन बंद.

ज्या संगणकावर मी हे शोधलं तो भाऊंनी दिलेला. बाबांच्या बाराव्याला ते आले होते. मागच्या रांगेत बसले, जेवले नाहीत, उपास आहे म्हणाले. मला तेव्हा त्यांचं कौतुक वाटलं होतं, ओळख ना देख, मुलाच्या मैत्रिणीच्या बापासाठी इतक्या लांब आले म्हणून.

कौतुक!

२३ फेब्रुवारी

नी. आला. दाढी वाढलेली. डिचोलीला घरी राहत नाही, मित्राकडे आहे.

बाहेर ओट्यावरच बसला. म्हणाला, भाऊंना सरळ विचारलं. ते टीव्ही बघत होते. म्हणाले, "तुका कोणें दाखयलो?" एवढंच. गाडी आपली कशी, कुठला फोटो, काहीही नाही. कोणी दाखवला.

"तेन्नाच म्हाका कळ्ळें, उजू." माझं नाव घेऊन म्हणाला, तेव्हाच कळलं.

त्या वर्षी कॉलेजच्या सुट्टीत तो घरी गेला तर ट्रकला नवा रंग होता, नावं गेलेली. पावसाळ्याच्या आधी विकलासुद्धा. त्याला वाटलं होतं, आपण मोठे झालो, भाऊंना आता नावं बालिश वाटली असतील.

मी विचारलं, तुला माहीत होतं? विचारून टाकलं. त्याने माझ्याकडे असं बघितलं की पुन्हा विचारणार नाही.

जाताना म्हणाला, "तू किदेंय कर. हांव आडयचो ना. पूण म्हज्या हातान..." अडवणार नाही, पण त्याच्या हाताने नको.

२५ फेब्रुवारी

फोटो काढणाऱ्याला लिहिलं. नावाच्या जागी टोपणनाव, युरोपातला कोणीतरी, मोटरसायकलवरून देश हिंडलेला. लिहिलं, तो माणूस माझा बाप होता. त्या सकाळचं जे असेल ते पाठवा.

म्हापशाला गेले होते. बसस्टँडच्या खांबावर वायंगणकरांचं पत्रक. 'सावकाश चालवा, घरी कोणीतरी वाट बघतंय.' वर बाबांची स्कूटर. बाबांची पिशवी. त्यांनी आमची वाटच बघितली नाही, दुव्यावरून परस्पर विकत घेतला फोटो. कायदेशीर. चोख माणूस.

शेवग्याच्या शेंगा घेतलेली एक बाई तिथेच उभी राहून वाचत होती. मी ते पत्रक फाडलं. पुढच्या खांबावरचंही. बाई म्हणाली, "कित्याक गो पिंजतां? बरें बरयलां मरे." चांगलं लिहिलंय म्हणे! फाडलेले कागद पिशवीत कोंबले.

३ मार्च

उत्तर आलं. सोबत फोटो, त्या सकाळचे सगळे.

नी.ला बोलावलं. एकटीने उघडायची छाती झाली नाही आणि दुसरं कोणाला बोलावणार? तोच आला. दोघं शेजारी बसलो, कॉलेजात बसायचो तसे.

गर्दीच्या आधीचे फोटो आहेत. रस्त्यात भाऊ मांडी घालून बसलेत. मांडीवर बाबांचं डोकं. भाऊंच्या हातात पाण्याची बाटली.

बाबांचे डोळे उघडे आहेत.

जागीच गेले असं सांगितलं होतं आम्हाला. दोन वर्षं मी त्यातच समाधान मानत होते, निदान त्रास झाला नाही. आणि इथे बाबा बघताहेत. एका फोटोत त्यांनी भाऊंच्या शर्टाची कॉलर मुठीत धरलीय. नंतर गर्दी. नंतर ट्रक नाही, भाऊ नाहीत, बाबा रस्त्याच्या कडेला, डोक्याखाली कोणीतरी पोतं दिलेलं.

त्या माणसाने लिहिलंय, तो गृहस्थ बराच वेळ त्यांना धरून होता. मग ट्रकमधून गेला तेव्हा वाटलं, मदत आणायला चाललाय. म्हणून मी पुढे निघालो. मला माफ करा.

नी. बाहेर जाऊन ओकला. मी ओकले नाही, रडलेही नाही. दाताखाली वाळू आल्यासारखं होतंय दिवसभर.

७ मार्च

आईला दाखवलं. लपवून ठेवणार तरी किती.

चष्मा पुसून पुसून बघत होती. बोटाने पडद्यावर बाबांचं कपाळ चाचपलं. मग म्हणाली, "पाणी पाजलेला?"

मी म्हटलं, होय.

"माका वाटायचा, तहानलेले गेले." दोन वर्षांत हे एकदाही बोलली नव्हती. मला वाटायचं, ती रोज तुळशीला पाणी घालताना इतका वेळ का लावते.

मग पुन्हा वाकली. "ह्यो नीलेशाचो बापूस मां? तुमच्या हापिसाच्या पूजेक इल्लो तो?"

मी मान हलवली. ट्रकाचा फोटो दाखवला, नावं वाचून दाखवली. आईने पदराने पडद्यावरचे बोटांचे ठसे पुसले. मग म्हणाली, "पाणी पाजल्यान. आनी सोडून गेलो."

दोन्ही एका दमात. मला वाटत होतं, ती यातलं एक काहीतरी निवडेल.

१० मार्च

म्हापशाच्या वकीलबाई. फोटो नीट पाहिले, चहा सांगितला. म्हणाल्या, प्रकरण पुन्हा उघडता येईल, मुदत संपलेली नाही. पण नंबर एकाही फोटोत नाही, आणि गर्दीतलं कोणी तेव्हा बोललं नाही ते आता काय बोलणार. नुसत्या नावांवर काय होणार, नीलेश गोव्यात शेकडो. आणि भाऊ म्हणू शकतात, मी वाटसरू, थांबलो, मरणाऱ्याला पाणी दिलं. "उलट लोक शाबासकी देतील त्यांना."

ती भाऊंचीच गाडी आणि त्या दिवशी ती त्यांच्याकडे होती, हे त्यांच्या घरातल्याच कोणीतरी सांगायला हवं.

"मुलगा सांगेल?"

नी. माझ्या शेजारच्या खुर्चीतच होता. बाईंना माहीत नव्हतं. मी ओळख करून दिली नव्हती, 'आम्ही एकत्र काम करतो' एवढंच म्हटलेलं. त्याने स्वतःच सांगितलं, "मुलगो तो हांव."

बाईंनी चष्मा काढला. चहा आला, तो कोणी घेतला नाही.

१४ मार्च

भाऊ आले.

सकाळचे पापड घालत होतो अंगणात, आई आणि मी. फाटकाशी उभे. आत आले, चपला अंगणातच काढून ठेवल्या. आईने खुर्ची दिली नाही. ते पायरीवर टेकले.

म्हणाले, "हांव चलयतालों." ड्रायव्हर बेळगावकडचा, गावी गेलेला, खेप चुकायला नको म्हणून स्वतःच गाडी काढली. वळणावर एक गाडी पुढे काढली. स्कूटर दिसलीच नाही.

आईने विचारलं, "मग सोडून कित्याक गेलंत?"

"लोक जमले. कोण तरी म्हणालो, गाडयेक उजो घाला." गाडी पेटवा म्हणून. "पूण तें कारण न्हय, वहिनी. तें हांव मागीर म्हाकाच सांगतालों. हांव भियेलों. इतलेंच."

आई पापड लाटत राहिली. मग मान वर न करता म्हणाली, "ते काय बोलले?"

भाऊ पायरीवरून अर्धे उठले. मला वाटलं, उठून जातील. मग म्हणाले, "विचारलें, तुमी खंयचे?"

रस्त्यात पडलेला माणूस. गाव विचारतोय. बाबांचंच ते, दुकानात कोणी नवीन आला की माप घ्यायच्या आधी गाव विचारायचे.

"तुम्ही काय सांगितलंत?" मी विचारलं.

भाऊंनी तोंड फिरवलं. "हांवें दुसरोच गांव सांगलो. कोणाक कळूंक नाका म्हणून. मरपी मनशाक फट सांगली, खोटें सांगलें. ते म्हणाले, बरो गांव. म्हणाले, त्या गांवांत तेंचो कोण तरी शाळेंतलो इश्ट आसा." आणि तोंडावर टॉवेल धरून रडायला लागले. मोठ्याने, बायकांसारखे.

मला किळस आली. आणि त्याच क्षणी वाटलं की यांना कोणीतरी पाणी द्यावं. दोन्ही खरं आहे. मी उठले नाही.

आई उठली. वाटलं, आत पाणी आणायलाच गेली. दारात थांबून म्हणाली, "ह्यां सगळा माका सांगलात. आता तिकडे पोलिसांत जावन सांगा." आणि आत गेली ती बाहेर आलीच नाही.

भाऊ चपला हातात घेऊनच फाटकापर्यंत गेले. मला म्हणाले, "शिगमो जावंदी. मागीर हांव स्वतः वतां." म्हणजे होळीचा सण उलटला की स्वतःच जाणार.

१७ मार्च

नी.ला सांगितलं भाऊ काय म्हणाले ते. "वतले?" जातील का, एवढंच विचारलं त्याने.

त्याने तो फोटो आमच्या यादीतून काढला. मी पुन्हा घातला. मग दोघांनी मिळून एक तोडगा काढला. तो यादीत राहील, पण कोणी शोधला तर कापलेला नाही, अख्खा आधी दिसेल. आता नियमच तसा, सगळ्या फोटोंना. स्वस्त नंतर. गिऱ्हाइकं जातील. जाऊ देत.

२१ मार्च

शिगमो. ढोल-ताशे दिवसभर. आई देवळात गेली नाही. ताई आली होती बाळाला घेऊन. तिला सांगितलं. ताई म्हणते, पोलिसांकडे जायचं ते जा, पण त्या नीलेशच्या तोंडाकडे तू रोज कशी बघतेस? तोच तर एक आहे ज्याने तो फोटो माझ्याबरोबर पाहिला. हे ताईला कसं सांगू?

बाळ आता धावतं. कोणी हाक मारली तर उलट पळतं.

२५ मार्च

शिगमो संपला. भाऊंचा निरोप नाही. निकिताचा फोन आला होता नी.ला, रडत होती. सोमवारी मीच पोलिसांत जाणार. आई म्हणते, मी पण येते. मी नको म्हटलं.

नी. म्हणाला, सोमवारी तो मला मोटरसायकलवरून नेईल. आत येईल का ते म्हणाला नाही. मी विचारलंही नाही.

२८ मार्च

डिचोलीच्या पोलीस ठाण्यातल्या बाकावर बसून लिहितेय.

येताना नी. त्या वळणावर थांबला. मी थांब म्हटलं नव्हतं. दोघं उतरलो, उभे राहिलो. ट्रक एकामागून एक, लाल धूळ, समोरच्या घरांनी झाडांची पानं धुतली तरी लालच. काहीही खूण नाही. मग परत बसलो.

इथे बाहेर पोचल्यावर त्याने गाडी बंद केली आणि बसूनच राहिला. मी म्हटलं, भाऊ येतील का? म्हणाला, "सकाळी उठून न्हायले, धुतल्लो शर्ट घातलो. खंय वतात तें सांगलें ना." निकिताने कळवलंय त्याला.

मी म्हटलं, मी आत जाते. त्याने हेल्मेट काढलं, पुन्हा घातलं.

शिपाई म्हणाला, साहेब पंचनाम्याला गेलेत, येतील, बसा. कोणाविरुद्ध तक्रार म्हणून विचारलं. मी म्हटलं, साहेबांनाच सांगते. फोटो मांडीवर आहेत. वकीलबाईंनी मोठे करून घ्यायला सांगितले होते. वरचा फोटो बाबांचा आहे, डोळे उघडे असलेला. तो उलटा ठेवलाय, पाठ वर करून. शिपायाला दिसू नये म्हणून की मला, कोण जाणे.

पहिलं वाक्य जुळवून ठेवलं होतं, 'माझे वडील शिंपी होते' असं. त्याचा इथे काय संबंध? तरी तेच तोंडावर येतंय.

बाहेर मोटरसायकलचा आवाज. आलेली की गेलेली, इथून कळत नाही. खिडकी उंच आहे. शिपाई हाक मारतोय, साहेब आले.